मोजणीदाराचं ताट

बायकोचं दिवसकार्य उरकून काही आठवडे झाले असतील. एका सुट्टीच्या सकाळी दोन बायका आमच्या निगडीच्या घरी आल्या आणि तिचा हँडओव्हर मागू लागल्या.

दोघींना मी ओळखत होतो, म्हणजे पाहिलं होतं. दहाव्याला घाटावर त्या सगळ्यांच्या मागे उभ्या होत्या. एक कुरुळीची, पन्नाशीची, डोक्यावरून पदर घेतलेली. दुसरी सांगवीची, तिच्याहून पुष्कळ लहान, गळ्यात कंपनीची निळी पट्टी तशीच राहिलेली. चाकणच्या ज्या कंपनीत बायको तपासणी विभागात होती, तिथेच दोघी कामाला. त्या सोफ्याच्या कडेवर टेकल्या, पाणी प्यायल्या आणि चहा नको म्हणाल्या. चहा नको म्हणणाऱ्याला काहीतरी मागायचं असतं, असं मला त्या दिवसांत वाटायचं. खरं तर त्या दिवसांत मला सगळ्यांविषयीच काही ना काही वाटायचं. "काही लागलं तर सांगा" म्हणणारे शेजारी बोलता बोलता खोल्यांवरून नजर फिरवतात आणि मी घर विकणार का याचा अंदाज घेतात, असं वाटायचं. नातेवाईक फोनवर फार वेळ गप्प राहिले तरी संशय यायचा, आणि लगेच बोलू लागले तरी.

"दाजी, ताईचा हँडओव्हर राहिलाय," कुरुळीची म्हणाली.

"कंपनीचं सगळं मी परत केलंय," मी म्हणालो. "ओळखपत्र, सेफ्टीचे बूट, लॉकरची किल्ली. पोचही घेतली आहे."

"कंपनीचा न्हाई वो. खेळातला."

मग सांगवीच्या मुलीने समजावून सांगितलं. ती भरभर बोलत होती आणि मध्येच थांबून माझा चेहरा पाहत होती. त्यांचा फोनवर एक ग्रुप होता. खेळ लिहून खेळायचा. प्रत्येकीने एक माणूस घ्यायचा आणि तो काय करतो, काय बोलतो तेवढंच लिहायचं. मग दुसरीने तिच्या माणसाचं लिहायचं. कंपनीच्या बसमध्ये इंजिनाचा आवाज आणि ड्रायव्हरची गाणी यात एका सीटवरून दुसऱ्या सीटवर बोलता येत नसे, त्यातून हे सुरू झालं. कल्पना माझ्या बायकोची. घाटाच्या पायथ्याशी एक खानावळ आहे. काळ कोणता ते ठरवलेलं नाही. फक्त तिथे कंपनी नाही, भोंगा नाही, आत शिरताना हजेरीचा थंब लावावा लागत नाही. कुरुळीची गाडीवान होती. सांगवीची मुलगी लग्नातून पळून आलेली नवरी होती. खानावळवाली माझी बायको.

"आणि हँडओव्हर?"

"लायनीवर असतो तसाच," सांगवीची म्हणाली. "शिफ्ट सुटली की पुढच्या बाईला तीन गोष्टी सांगायच्या. मशीन कसं आहे, माल किती आहे, बाकी काय राहिलंय. ते सांगितल्याशिवाय दुसरीच्या मशीनला कुणी हात लावत नाही. खेळात पण तेच. कुणाचं कॅरेक्टर घ्यायचं तर हँडओव्हर लागतो. ताईंचा मिळालाच नाही."

"दारात हुबी हाय ती आजून," कुरुळीची म्हणाली. "हातात पळी घेऊन. आमी समदे बाहेर उपाशी. ती आत या म्हणत न्हाई, आन तिच्या तोंडून आमास्नी म्हणता येत न्हाई. खेळ तितंच अडकलाय, दाजी. तुमी सांगा, कुणी चालवायची तिला?"

मला हसू आलं नाही. या बायकांना नक्की काय हवं आहे, हेच मी शोधत होतो. विचार करून कळवतो, असं सांगून मी त्यांना दारापर्यंत सोडलं.

तिचा फोन मी रोज चार्ज करत होतो, पण उघडला नव्हता. त्या दुपारी उघडला. ग्रुप सापडला आणि मी अगदी पहिल्या ओळीपासून वाचायला बसलो. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करतो. वाचायला बसलो की उठत नाही. गाडीवानाचे बैल, नवरीचे नखरे, वाटेवरचा एक वैदू. बायकोचा विनोद मला माहीत होता, पण तो इतका सैल, इतका मोकळा मी कधी ऐकला नव्हता. वाचताना मी काही वेळा मोठ्याने हसलो असेन.

मग मोजणीदार आला.

तो जमीन मोजायला हिंडणारा माणूस. साखळी खांद्यावर टाकून अंधार पडल्यावर खानावळीत यायचा. बाकी सगळ्यांचे नंबर बायकोने नावानिशी साठवले होते, यांतली कोण कुठली ते कळत होतं. याचा नंबर नुसता "मोजणीदार" या नावाने होता. आणि खानावळवाली सगळ्यांशी थट्टेने वागायची, याच्याशी मात्र नाही. याला ती काही विचारत नसे. त्याचं ताट झाकून ठेवायची, झाकणावर खलबत्त्यातला बत्ता ठेवायची, आणि लिहायची: "उशीर झाला तरी चालेल."

हा बत्ता माझा होता. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात ती यायच्या आधी मी तिचं ताट वाढून, वर दुसरं ताट पालथं घालून, त्यावर बत्ता ठेवायचो. समोरच्या बिऱ्हाडाचं मांजर गॅलरीतून यायचं म्हणून. आमच्या घरातली ही गोष्ट जगात दुसऱ्या कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. ती तिने उचलून एका परक्या माणसाला दिली होती.

मी त्याच्या सगळ्या ओळी पुन्हा वाचल्या. एका आठवड्यात तो मिश्कील, दुसऱ्या आठवड्यात तुटक, पुढे एकदम देवभोळा. असा माणूस मला पुस्तकात भेटला असता तर लेखकाचा हात कच्चा म्हणून मी ते बाजूला ठेवलं असतं. इथे मात्र मला वाटलं, हा लबाड आहे. तिला जे ज्या दिवशी हवं ते त्या दिवशी होतो. मी माझ्या फोनवरून त्या नंबरला फोन लावला. वाजला, कुणी उचलला नाही. सकाळी लावला, दुपारी लावला. वाजायचा, उचलायचा नाही कुणी.

मग मी त्या दोघींना कळवलं की खानावळवाली मीच चालवीन. हेतू एकच होता. मोजणीदाराला बोलतं करायचं आणि तो कोण ते शोधायचं.

"भारी!" सांगवीच्या मुलीने लिहिलं. "पण दाजी, जमेल ना? पुस्तकात सगळं आधी छापलेलं असतं. इथं नसतं."

मला तो टोमणा वाटला. मी दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातून लवकर आलो आणि एक लांबलचक मजकूर लिहिला. घाटावरची पहाट, धुकं, चुलीचा धूर. खानावळवाली सगळ्यांना आत घेते, पाट मांडते, पिठलं वाढते. गाडीवान तृप्त होऊन ढेकर देतो, नवरीच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि मग सगळे घोंगड्या पांघरून झोपी जातात. मला तो मजकूर बरा वाटला होता. पाठवला आणि वाट पाहत बसलो.

"दाजी, मी जेवले का?" सांगवीची. "मला कळलंच नाही."

"माजा गाडीवान झोपला म्हणं," कुरुळीची. "त्याला इचारलं व्हतं का? बैलं सोडायची हायत आजून."

"आणि मी रडले पण!"

मी लिहिलं की कथेची गरज म्हणून तसं केलं. कुरुळीच्या बाईने उत्तर दिलं, "तुमच्या बाईनं वाढायचं. खायाचं का न्हाई, त्ये ज्याचं त्यो बघंल."

आज विचार केला तर या खेळाचं निम्मं शहाणपण त्या उत्तरात होतं. तेव्हा मात्र या बायका मला मुद्दाम अडवत आहेत, असंच वाटलं. वाचणाऱ्या माणसाला वाट पाहायची सवय नसते. पान उलटलं की पुढचं तयार असतं. पात्रं आपल्यासाठी थांबलेली असतात. इथे मी एक वाक्य टाकायचो आणि दुसरीकडे एखादी बाई जेवणाच्या सुट्टीत डबा धुऊन, हात पुसून, त्याला उत्तर द्यायची किंवा द्यायची नाही. आपल्या वाक्याने दुसऱ्याला काहीतरी करायला जागा ठेवावी लागते. माझ्या वाक्यांत ती नसायची. मी दार उघडायचो आणि दारात स्वतःच उभा राहायचो.

मोजणीदार आला तेव्हा मी तयारीत होतो.

खानावळवालीने त्याला विचारलं, तुम्ही दर आठवड्याला वेगळे का बोलता? त्याने लिहिलं, "दमलोय बाई. जेवायला वाढा." तिने विचारलं, तुमचा फोन का उचलत नाही?

"फोन???" सांगवीची मध्येच. "दाजी, तिथं फोन नाहीये. खानावळवालीला कसा माहीत?"

"तुमाला जे म्हाईत हाय, त्ये तिला कुठनं कळलं?" कुरुळीची.

मी दुर्लक्ष केलं. खानावळवालीने ताटावरचा बत्ता उचलला आणि विचारलं, हा बत्ता कुणाचा आहे, तुम्हाला माहीत आहे? आणि उत्तराची वाट न पाहता मीच पुढे लिहिलं: "मोजणीदाराचा चेहरा पडला."

थोड्या वेळाने त्या अनोळखी नंबरवरून दोनच शब्द आले.

"न्हाई पडला."

मी ते दोन शब्द पुन्हा पुन्हा पाहत होतो. मोजणीदार खेळात असं कधी बोलला नव्हता. बोलणं कुरुळीच्या बाईचं होतं. म्हणजे तिला तो माहीत होता. कदाचित तिच्याच घरातला, भाऊ, दीर, भाडेकरू. आणि मी ज्यांना दारापर्यंत सोडायला गेलो होतो त्या दोघी त्याच्या वतीने घरात येऊन बसल्या होत्या.

त्या बाईच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मी कुरुळीला गेलो. भोसरीला बस बदलली, मोशीच्या पुढे उतरलो, तिथून चालत. येतो म्हणून कळवलं होतं, का ते सांगितलं नव्हतं. जुनं शेतकऱ्याचं घर, त्यावर चढवलेले दोन मजले, त्यात कामगारांच्या खोल्या. कठड्यावर ओळीने वाळत घातलेले एकाच रंगाचे शर्ट. मी वर पाहत राहिलो. त्यांतला एक शर्ट त्याचा असेल, असं मनात येत होतं. घराच्या मागे गोठ्यात एक म्हैस आणि तिच्या पलीकडे थेट एका कारखान्याची भिंत.

"या दाजी. म्हशीकडं बगू नगा, पाव्हण्याला शेपटी मारती," ती म्हणाली. चहा आला. या वेळी नको म्हणायची पाळी माझी होती, पण मी घेतला.

"मोजणीदार कोण आहे?" मी विचारलं.

ती हसली. माझा चेहरा पाहिला तशी हसायची थांबली.

"तुमास्नी काय वाटलं?"

मी वर, कठड्यावरच्या शर्टांकडे पाहिलं.

"आरं देवा," ती हळूच म्हणाली. "म्हणून चेहरा पाडत व्हता व्हय त्याचा."

ती आत गेली आणि एक फोन घेऊन आली. तो मी लगेच ओळखला. बायकोचा जुना फोन. मागचं झाकण निघायचं म्हणून त्यावर मी पुस्तकांच्या पाठीला लावतो ती कापडी पट्टी लावली होती, कडा नीट दुमडून. नवा घेतला तेव्हा जुन्याचं काय केलं, असं मी विचारलं होतं. दिला कामावरच्या एकीला, असं ती म्हणाली होती. ते खरंच होतं.

"ह्योच मोजणीदार," ती म्हणाली. "ज्या आठवड्यात जिची शिफ्ट ताईसंगं, तिच्याकडं ह्यो फोन, कामावर आसंल तवा लॉकरात. कधी मी, कधी सांगवीची, कधी ती वैदू हाय ना, ती. तिला देवाचं लई. शिफ्ट बदलली की फोन पुढं द्यायचा, हँडओव्हर सांगायचा. लायनीवर फोन चालत न्हाई, मग वाजतोय वाजतोय, उचलनार कोन?"

सगळं जुळत होतं. इतकं नीट जुळत होतं की त्याचाही मला संशय आला. पण पट्टीच्या दुमडलेल्या कडा माझ्याच हातच्या होत्या.

"पण तिने त्यालाच का..." मी बोटाने पट्टीची कड दाबली. "बत्ता आमच्या घरचा आहे."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "आवो, मोजणीदार आधी ताईचाच व्हता. पैल्यापासनं. त्ये समदं ह्या जुन्या फोनात ऱ्हायलं, नव्यात आलं न्हाई. खानावळवाली कुनीच घेत नव्हतं, नुसतं रांधायचं आन वाट बघायची, त्यात काय मजा? मग येक दिस ताई म्हणली, ह्यो मोजणीदार तुमी घ्या. मला आता ताट झाकनारी व्हायचंय. त्या बाजूनं कसं दिसतं, त्ये बगते."

"हँडओव्हर दिला होता तिने? मोजणीदाराचा?"

"दिला की. आमी त्योच पुढं पुढं सांगतोय." आणि तिने तो म्हणून दाखवला, लायनीवर म्हणतात तशा सपाट आवाजात. "दिवसभर मोजमाप करतोय, डोळं दुखत्यात. बोलायचं त्रान नसतं, कुनी बोलायला लावू नये. झाकलेलं ताट दिसलं की त्याला बरं वाटतं. बाकी काय ऱ्हायलंय, तर त्ये त्यानं आजून सांगितलं न्हाई."

गोठ्यात म्हैस हलली. मी चहाचा कप खाली ठेवला. दिवसभर रबराचे भाग गेजवर मोजून ती यायची, डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून बसायची, आणि मी गप्प राहायचो.

तेव्हा मला हायसं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण माझा स्वभाव तसा सुटत नाही. परतीच्या बसमध्ये वाटलं, शोक करणाऱ्याला बरं वाटेल अशी गोष्ट लोक रचून सांगतात. या बाईने रचली असेल. मग वाटलं, आणि रचली नसेल तर? मी इतके आठवडे खानावळवाली होऊन बसलो होतो, ती बाई माझ्यावरून उचललेली होती, आणि मला ती एकदाही नीट साधली नव्हती. माझी बायको माझी भूमिका माझ्यापेक्षा चांगली करत होती. तिची खानावळवाली कधी विचारत नसे, कुठे होतात, कोण भेटलं. ताट झाकायची आणि जागा ठेवायची.

घरी आल्यावर मी तिच्या फोनवर पुन्हा सगळं वाचलं. या वेळी कुणाला पकडायचं नव्हतं. ग्रुपमध्ये नव्याने येणाऱ्या बायकांना आता मी एवढं एकच सांगतो: लिहायच्या आधी तुमच्या माणसाने आजवर काय काय केलंय ते वाचा, आणि समोरच्याच्या माणसाने काय केलं नाही तेही वाचा. बाकीचं आपोआप येतं, किंवा येत नाही.

मग मी खानावळवालीच्या तोंडून एकच ओळ लिहिली. "दार उघडं आहे. आत या." पुढे कुणी जेवलं, कुणी झोपलं, काही लिहिलं नाही.

"आलेऽऽ!" नवरी धावत आत शिरली. "पाट कुठाय? आणि गाडीवानाला माझ्या शेजारी नको, बैलांचा वास येतो."

"वास तुज्या शालूला हाय, पळपुटे," गाडीवान म्हणाला आणि बाहेर बैल सोडायला गेला.

बायकोच्या जाण्यानंतर त्या खानावळीत पहिल्यांदाच आवाज झाला. मी कडेला उभं राहून तो ऐकत होतो. आणि मला समजलं की मी इथे फार काळ राहू शकणार नाही. ताट झाकणं मला येतं. त्या बाजूने कसं दिसतं ते मला माहीत आहे. नवीन असं त्यात मला काही बघायचं नव्हतं.

त्या आठवड्याच्या शेवटी मी हँडओव्हर लिहिला. तीन गोष्टी लिहायच्या असतात, मला बराच वेळ लागला. "चूल पेटलेली आहे. पीठ अर्धा डबा आहे, ज्वारी दळून आणावी लागेल. बाकी: खानावळवालीला एक प्रश्न पडला होता. तो तुमच्याकडे देत नाही, माझ्याकडेच राहू द्या." खाली लिहिलं की ही सांगवीच्या मुलीला द्यावी, नवरी सांभाळून तिला जमेल. आणि मला, चालणार असेल तर, मोजणीदार हवा आहे.

कुरुळीच्या बाईने लिहिलं, "दाजी, त्यो कमी बोलतोय. पान पान लिवायचं न्हाई." आणि लगेच, "फोन सांगवीच्या पोरीकडं देते. निगडीला उतरून आनून दील."

दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर कंपनीची बस निगडीच्या थांब्यावर आली. सांगवीची मुलगी खाली उतरली, फोन माझ्या हातात दिला आणि त्याच सपाट आवाजात सगळं म्हणाली: दिवसभर मोजमाप, डोळे दुखतात, बोलायचं त्राण नाही, झाकलेलं ताट दिसलं की बरं वाटतं, बाकी काय राहिलंय ते त्याने अजून सांगितलेलं नाही. "समजलं?" तिने विचारलं, लायनीवर विचारतात तसं.

"समजलं," मी म्हणालो. ते खरं नव्हतं.

"पहिली ओळ मी बसमध्ये असेपर्यंत टाका. मी आता तिकडची आहे ना." ती पळत जाऊन पुन्हा बसमध्ये चढली.

थांब्यावरच्या बाकावर बसून मी तो फोन उघडला. पट्टीची कड अंगठ्याखाली येत होती. लिहिण्यासारखं खूप होतं. घाटाची उतरण, खांद्यावर रुतणारी साखळी, लांबून दिसणारा दिवा. ताट झाकलेलं असेल, वर बत्ता असेल, हे मला लिहायचं होतं. पण ते मोजणीदाराने लिहायचं नसतं. ताट झाकायचं की नाही, हे दुसरीच्या हातात. तिने विसरावं, कंटाळावं, मुद्दाम थट्टा करावी. काहीही होऊ शकतं. तिच्याबद्दलही मला खात्री नव्हती.

मी लिहिलं: "मोजणीदार दारात येऊन थांबला."

पाठवलं. बस चौकातून वळून सांगवीच्या दिशेने दिसेनाशी झाली होती. पडद्याच्या वरच्या कडेला अक्षरं उमटली: पलीकडे कुणीतरी लिहीत होतं. मग थांबलं. मग पुन्हा लिहू लागलं. मी काही न लिहिता बसून राहिलो.